बांधणाऱ्याला दंड, अडवणाऱ्याला सवलत : घरपट्टीचा उलटा हिशेब

मागच्या फेरआकारणीनंतर दुकानाच्या घरपट्टीचे बिल हातात पडले तेव्हा प्रथम वाटले की कारकुनाची बेरीज चुकली असावी. आधीच्या बिलाच्या जवळजवळ तिप्पट रक्कम होती. कचेरीत जाऊन विचारले. तिथल्या साहेबांनी शांतपणे उतारा काढला, एकेक रकाना वाचून दाखवला आणि म्हणाले, "भाई, जुने माळवद पाडून तुम्ही स्लॅब टाकलाय ना? मग आकारणी बदलणारच." बेरीज बरोबर होती. साहेबांनी नियमाबाहेर काहीही केले नव्हते. म्हणूनच हा लेख कोणा अधिकाऱ्याविरुद्ध नाही. तक्रार आहे ती नियमाविरुद्धच.

हकीकत अशी. माणच्या पट्ट्यातल्या एका बाजारगावात वडिलांच्या वेळेपासून आमचे कापडाचे दुकान आहे. दगडमातीच्या भिंती, वर माळवद. आमच्याकडे पाऊस मोजकाच, पण जो पडतो तो माळवदातून गळतो. इचलकरंजीहून आणलेल्या गाठी दरवर्षी ताडपत्रीखाली झाकाव्या लागत. शेवटी घरातले थोडे, भावाकडचे थोडे आणि मेहुण्याकडून उसने घेऊन पक्के बांधकाम केले. खाली दुकान आणि वर शिलाईची खोली काढली. तिथे सहा यंत्रे बसवली. आज मोहल्ल्यातल्या आणि आसपासच्या वाड्यांवरच्या सहा बायका तिथे शाळेचे गणवेश, परकर आणि गाऊन शिवतात. त्यांच्यापैकी दोघींची घरे त्या मजुरीवरच चालतात.

आमच्या भिंतीला लागून एक मोकळा प्लॉट आहे. आकार आमच्या दुकानाएवढाच, रस्ता तोच. मालक बाहेरगावी असतात. वीस वर्षांत त्यांनी तिथे एक वीट ठेवलेली नाही. बाभळी वाढल्या आहेत, पावसाळ्यात डबके साचते आणि बाजाराच्या दिवशी लोक तिथे कचरा टाकतात. त्या प्लॉटाची वर्षाची पट्टी माझ्या पट्टीच्या जवळपासही येत नाही. मात्र त्याची किंमत या वीस वर्षांत कितीतरी पटींनी वाढली. ती वाढण्यात माझ्या दुकानाचाही थोडा हात आहे, कारण गिऱ्हाईक या रस्त्याला येते ते आमच्यासारख्यांच्या दुकानांसाठी.

ज्याने गावात धंदा उभा केला, चार हातांना काम दिले, त्याची पट्टी वाढली. ज्याने जागा अडवून ठेवली त्याला सवलत मिळाली. हा उलटा हिशेब बदलता येईल का, हा आजचा विषय आहे.

बिल कसे तयार होते

आपले बहुतेक व्यापारी बांधव बिलाची शेवटची रक्कम तेवढी पाहतात आणि भरतात. ती आली कोठून हे कोणी पाहत नाही. विक्रीकराची, पुढे व्हॅटची आणि २०१७ पासून जीएसटीची भानगड आपण शिकलो, पण घरपट्टी अजून शिकलो नाही.

नगरपालिकांची आणि नगरपंचायतींची घरपट्टी १९६५ च्या कायद्याखाली बसते. त्यातली जुनी पद्धत भाड्याची. म्हणजे ही मिळकत भाड्याने दिली तर वर्षाला वाजवी भाडे किती येईल हे धरायचे, दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करायचे आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर पट्टी बसवायची. चार वर्षांनी फेरआकारणी होते. आता मोकळ्या प्लॉटाला भाडे कोण देणार? आणि पक्क्या दुकानाला भाडे चांगलेच येणार. म्हणून जागा रिकामी ठेवली की पट्टी हलकी आणि बांधकाम केले की जड. हे या पद्धतीच्या पोटातच आहे.

ग्रामपंचायतींचे नियम ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने बदलले. तेव्हापासून गावांत भांडवली मूल्यावर कर बसतो. क्षेत्रफळाला रेडीरेकनरमधल्या जमिनीच्या दराने गुणायचे. त्यात बांधकामाची किंमत मिळवायची, ती मात्र इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा काढून. मग त्याला वापराचा भारांक लावायचा. राहत्या घराला १, कारखान्याला १.२० आणि दुकानाला १.२५. जी रक्कम येईल तिच्यावर दर हजारी कर. हा दर किती, ते बांधकामाच्या प्रकारावर ठरते. मातीच्या घराला कमी, दगडविटांना त्याहून जास्त, आरसीसीला सर्वांत जास्त.

जरा थांबून विचार केला तर यातली खोच लक्षात येते. मातीच्या भिंती पाडून सिमेंटचे घर बांधले की नव्या भिंतींचा कर तर वाढतोच. शिवाय दर हजारी दर वरचा लागल्यामुळे खालच्या त्याच जमिनीवरचा करही वाढतो. जमीन तीच असते, जागाही तीच. वर घर चांगले झाले एवढ्यावरून खालची जमीनसुद्धा महाग धरली जाते. आणि त्या घरात दुकान असेल तर वरून सव्वापट.

जमीन एक, इमारत दुसरी

कोणत्याही मिळकतीत दोन वेगवेगळ्या वस्तू असतात. एक जमीन आणि दुसरी तिच्यावरची इमारत. आपण खरेदीखतात दोन्ही एकत्र लिहितो म्हणून त्या एकच वाटतात.

इमारत माणूस बांधतो. गवंडी, सुतार, लोहार, रंगारी यांच्या मजुरीने ती उभी राहते. तिच्यावर कर जास्त बसला तर लोक कमी बांधतील, एक मजला कमी काढतील, पत्र्यावर भागवतील. आम्हा कापडवाल्यांना हे समजावून सांगायला नको. कापडावर कर चढला की कापड कमी खपते आणि मागावर कापड कमी विणले जाते. जमिनीचे तसे नाही. ती कोणी विणलेली नाही. तिच्यावर कितीही कर बसवला तरी गावातली जमीन एक हातभर कमी होत नाही.

जमिनीची किंमत वाढते ती मालकाच्या घामाने नाही. माणकडे पाहा. उरमोडीचे पाणी आले, जिहे-कठापूर योजनेचे पाणी आले. सातारा-पंढरपूर रस्ता मोठा झाला. म्हसवडच्या बाजूला औद्योगिक वसाहतीचे नाव निघाले. यांतले प्रत्येक काम सरकारी पैशाने, म्हणजे सर्वांच्या कराच्या पैशाने झाले किंवा होणार आहे. पण नुसत्या बातमीवर रस्त्याकडेच्या गुंठ्याचा भाव चढतो आणि तो नफा ज्याच्या नावावर गुंठा त्याच्या खिशात जातो. लोकांच्या पैशाने वाढलेल्या किमतीचा थोडा हिस्सा लोकांच्या तिजोरीत परत यावा, हे इन्साफाला धरूनच आहे.

म्हणून सूचना साधी आहे. जमीन आणि इमारत यांची किंमत वेगवेगळी लिहावी आणि त्यांवर कराचे दरही वेगवेगळे ठेवावेत. जमिनीवर दर जास्त, इमारतीवर कमी. तिजोरीत येणारी एकूण रक्कम तेवढीच ठेवावी, फक्त वाटणी बदलावी.

चार मिळकतींचा हिशेब

समजण्यासाठी गोल आकडे घेऊ. बाजारपेठेत शेजारी शेजारी दोन प्लॉट आहेत. प्रत्येकाच्या जमिनीची किंमत ४ लाख. एक मोकळा आहे. दुसऱ्यावर ८ लाखांची इमारत आहे. दोन्ही वस्तूंवर हजारी २ रुपये असा एकच दर धरला तर मोकळ्या प्लॉटाला ८०० रुपये आणि इमारतवाल्याला २४०० रुपये. तिजोरीत जमा ३२०० रुपये.

आता दर वेगळे करू. जमिनीवर हजारी ३ रुपये २० पैसे, इमारतीवर हजारी ८० पैसे. मोकळ्या प्लॉटाला १२८० रुपये होतात. इमारतवाल्याला जमिनीचे १२८० आणि इमारतीचे ६४० मिळून १९२० होतात. तिजोरीत जमा पुन्हा ३२०० रुपयेच. बांधणाऱ्याचे ४८० रुपये वाचले, अडवणाऱ्याचे तेवढे वाढले. आणि बांधणाऱ्याने वर ४ लाखांचा आणखी एक मजला काढला तर जुन्या दराने त्याची पट्टी ८०० रुपयांनी वाढली असती, नव्या दराने फक्त ३२० रुपयांनी वाढेल.

तिसरी मिळकत मागच्या गल्लीतल्या कारागिराची. जमीन १ लाखाची, घर आणि कामाची पडवी मिळून २ लाखांची. एकाच दराने ६०० रुपये, वेगळ्या दराने ४८०. आपल्या शिकलगार, पिंजारी, अत्तार, बागवान, मोमीन कुटुंबांची घरे बहुतेक अशा मागच्या गल्ल्यांतच आहेत. घोंगडी विणणाऱ्या सनगर बांधवांचेही तेच. माग घरात, म्हणजे घर हेच हत्यार. जागा स्वस्तातली आणि मेहनत घरावर केलेली, अशा माणसाला ही पद्धत फायद्याचीच पडते.

चौथी मिळकत मी मुद्दाम घेतो, कारण तिथे ही पद्धत टोचते. पेठेत मोक्याच्या जागी एखाद्या बेवा बाईचे जुने घर आहे. जमीन ४ लाखांची, घर जेमतेम १ लाखाचे. एकाच दराने तिला १००० रुपये, वेगळ्या दराने १३६० रुपये. तिच्या उत्पन्नात एक पैसा वाढलेला नाही, तरी पट्टी वाढली. याचे उत्तर दिल्याशिवाय ही सूचना कोणी मान्य करू नये. त्याकडे पुढे येतो.

ही कल्पना परकी नाही

कोणी म्हणेल की हे विलायती खूळ आहे. तसे नाही. दख्खनेत मलिक अंबरच्या काळापासून, म्हणजे सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून, जमिनीचा मगदूर पाहून धारा बसवण्याची रीत होती. पुढे इंग्रजी अमलात १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूरपासून नवी पाहणी सुरू केली. इंदापूर आमच्या माणसारखाच दुष्काळी मुलूख. त्यांचा सारा शेतकऱ्याला अनेक ठिकाणी जडच गेला, १८७५ चे दख्खनचे दंगे विसरता येत नाहीत. पण त्या पद्धतीतले एक तत्त्व शहाणपणाचे होते आणि ते पुढे जमीन महसुलाच्या कायद्यातही आले. शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने केलेल्या सुधारणेबद्दल त्याचा सारा वाढवायचा नाही. सारा जमिनीचा, मेहनतीचा नाही. तसे नसते तर माणमध्ये विहीर खोदायला कोण धजला असता?

मग शेतकऱ्याच्या विहिरीला जे तत्त्व लागू, ते व्यापाऱ्याच्या दुकानाला आणि कारागिराच्या पडवीला का लागू नसावे? दुकान ही आमची विहीरच आहे.

हा फरक आपल्या लोकांना दुसऱ्याही वाटेने ठाऊक आहे. रमजानमध्ये जकातीचा हिशेब करताना आपण राहते घर धरत नाही. कारागिराचा माग, कात्री, शिलाईचे यंत्र धरत नाही. पण नफ्याने विकण्याच्या इराद्याने घेतलेला प्लॉट बाजारभावाने धरावा लागतो असे उलमा सांगतात. दीनचा विषय नगरपालिकेच्या करात आणण्याचा माझा हेतू नाही. वापरातली चीज आणि विकण्यासाठी राखलेली चीज यांत फरक असतो, हे आपल्या घराघरात माहीत आहे, एवढेच सांगायचे आहे.

इमारतीवरच्या जड कराने काय होते याचे जुने उदाहरण इंग्लंडचे. तिथे १६९६ पासून १८५१ पर्यंत घराच्या खिडक्या मोजून कर घेत. लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या आणि अंधारात राहिले. बुजवलेल्या खिडक्यांची घरे तिथे आजही दिसतात.

जमिनीवर जास्त आणि इमारतीवर कमी कर ही गोष्ट अमेरिकेत प्रत्यक्ष करून पाहिली गेली. हेन्री जॉर्ज नावाच्या लेखकाने १८७९ मध्ये या विचाराचे पुस्तक लिहिले होते. पोलादाच्या कारखान्यांचे शहर पिट्सबर्ग. तिथे १९१३ च्या कायद्याने इमारतीवरचा दर हळूहळू उतरवून १९२५ पर्यंत जमिनीच्या दराच्या निम्म्यावर आणला. १९७९-८० मध्ये जमिनीचा दर इमारतीच्या दराच्या पाचपटीहून वर नेला. ओट्स आणि श्वाब या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऐंशीच्या दशकात आसपासच्या जुन्या कारखानदार शहरांत बांधकाम घटत असताना पिट्सबर्गमध्ये ते वाढले होते. सगळे श्रेय या कराला नाही, कार्यालयांना जागेची मागणीही होती, असे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. पण जमिनीवरून पैसा मिळाल्यामुळे शहराला धंदा मारणारे इतर कर वाढवावे लागले नाहीत, हेही सांगितले.

मात्र २००१ मध्ये पिट्सबर्गने ही पद्धत सोडली. त्याचे कारण आपल्या कामाचे आहे. वर्षानुवर्षे जमिनीच्या किमती नीट तपासल्या नव्हत्या. एकदम फेरआकारणी झाली, अनेकांची जमीन अचानक महाग ठरली आणि लोक भडकले. कल्पना बरोबर असली तरी मोजणी चुकली की ती बुडते, हा धडा आहे. दुसरीकडे एस्टोनिया या छोट्या देशाने १९९३ मध्ये फक्त जमिनीवर कर बसवला आणि इमारती त्यातून मोकळ्या ठेवल्या. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या महापौरांनीही २०२३ मध्ये मोकळ्या पडलेल्या प्लॉटांना कंटाळून असाच प्रस्ताव मांडला, पण तो विधिमंडळात अडकला. जागा अडवणाऱ्यांची ताकद सगळीकडे सारखीच.

आपल्याकडची अडचण

पहिली अडचण बेवा बाईची. तिला उपाय आहेत. राहत्या घराखालच्या ठराविक चौरस फुटांपर्यंत जमिनीचा दर कमीच ठेवता येतो. मुंबईत जानेवारी २०२२ पासून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. मग गावात राहत्या घराच्या जमिनीला मर्यादा घालून सवलत देणे अशक्य नाही. दुसरा उपाय, वयस्कर आणि बेवा मालकांची वाढीव पट्टी खात्यावर लिहून ठेवायची आणि घर विकले जाईल तेव्हा वसूल करायची. दुकानदार उधारीचे खाते चालवतो, तसे कचेरीही चालवू शकते.

दुसरी अडचण शेतीची. शेतसारा भरणारी जमीन ग्रामपंचायतीच्या या करात येत नाही. पण गावाची नगरपंचायत झाली की आसपासची शेते हद्दीत येतात. जोवर तिथे प्रत्यक्ष नांगर चालतो तोवर ती शेतीच धरली पाहिजे. नाहीतर बाजरी पिकवणारा पट्टीपायी जमीन विकून बसेल, आणि घेणारा पुन्हा अडवूनच ठेवेल.

तिसरी अडचण वारसांची. चौदा वारस, दोन दावे, मोजणी झालेली नाही. अशा जागेवर बांधायची इच्छा असूनही बांधता येत नाही. त्यांना दोन-तीन वर्षांची मुदत द्यावी. पण खरे सांगायचे तर पट्टी अंगावर आली की भाऊबंदकीचे तंटेही लवकर मिटतात.

चौथी अडचण आपल्या अगदी जवळची. मशीद, कब्रस्तान, मंदिर, शाळा यांच्या जागा करातून वगळलेल्याच राहाव्यात, यात वाद नाही. पण वक्फच्या आणि देवस्थानांच्या जागेवर अनेक छोटे दुकानदार जुन्या भाड्याने बसले आहेत. जमिनीचा दर एकदम चढला तर संस्थेला मिळणाऱ्या भाड्यापेक्षा पट्टीच जास्त होईल आणि तो बोजा शेवटी भाडेकरू कारागिरावर येईल. म्हणून वाढ एका वर्षात आणू नये. पिट्सबर्गने बारा वर्षे घेतली होती, आपण निदान आठ घ्यावीत. आणि जमिनीवरची वाढ मालकाने सोसायची, जुन्या भाडेकरूवर टाकायची नाही, असे नियमातच लिहून घ्यावे.

पाचवी अडचण, किंमत कोणत्या हिशेबाने धरायची. मुंबई महानगरपालिकेने २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत आणली तेव्हा जमिनीवर पुढे किती बांधता येईल याचाही अंदाज किमतीत धरला. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितले की कर आजच्या स्थितीवर बसवा, उद्याच्या शक्यतेवर नाही. म्हणून "इथे उद्या मॉल होईल" असे धरून आमच्या गावच्या प्लॉटाची किंमत कोणी फुगवू नये. आज त्या रस्त्याला जो भाव खरेदीखतांत दिसतो तोच धरावा, आणि मागच्या गल्लीला मुख्य रस्त्याचा भाव लावू नये.

मोजणीचे काम आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होत आहेत. कोणाची किती जागा आणि ती भरलेली की मोकळी, हे कागदावर येत आहे.

गप्प बसून चालणार नाही

कोणी म्हणेल, शेठ, कशाला नसती उठाठेव? चालले आहे ते चालू द्या. पण ते चालू राहणारच नाही. नाक्यावरची जकात होती तेव्हा नगरपालिकांचा पैसा तिथून येई. गाठी सोडून दाखवाव्या लागत, तासन्तास टेंपो उभा राही. १९९९ मध्ये ती जकात उठली आणि आपण पेढे वाटले. तेव्हापासून स्थानिक संस्था सरकारी अनुदान आणि घरपट्टी यांवर उभ्या आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी शहरी संस्थांच्या अनुदानाला अट घातली की राज्यांनी मालमत्ता कराचे किमान दर ठरवावेत आणि वसुली राज्याच्या उत्पन्नाच्या वेगाने वाढावी. याचा अर्थ सरळ आहे. घरपट्टी वाढणार. ती आपल्या भिंतींवर वाढणार की मोकळ्या जमिनीवर, एवढेच ठरायचे आहे. आपण बोललो नाही तर ती भिंतींवरच वाढेल, कारण भिंत दिसते आणि भिंतीचा मालक गावात सापडतो.

तेव्हा व्यापारी आणि कारागीर बांधवांनी तीन गोष्टी कराव्यात.

पहिली, आपला आकारणीचा उतारा काढून घ्यावा. गावात असाल तर नमुना ८. त्यात क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय आणि वापर हे रकाने बरोबर आहेत का ते पाहावे. वर घर आणि खाली दुकान असताना सगळ्याच इमारतीला दुकानाचा भारांक लागला असेल, किंवा तीस वर्षांच्या इमारतीला नवीन धरले असेल, तर मुदतीत लेखी हरकत द्यावी. तोंडी तक्रारीची नोंद कोठेच राहत नाही.

दुसरी, ग्रामपंचायतीला नियमांनी दिलेल्या किमान आणि कमाल मर्यादेत दर ठरवण्याचा अधिकार आहे, आणि मोकळ्या जागेचा दर इमारतीपासून वेगळा आहे. म्हणजे मोकळ्या प्लॉटावर वरचा दर आणि इमारतींवर खालचा दर, असा ठराव आजच्या नियमांतही करता येतो. ग्रामसभेत हा विषय लेखी द्यावा. यासाठी मुंबईला जावे लागत नाही.

तिसरी, इमारतीखालच्या जमिनीचा दर इमारतीपासून वेगळा करायचा तर नियम राज्य सरकारलाच बदलावे लागतील. व्यापारी संघटनांनी आमदारांना नुसते "घरपट्टी कमी करा" असे निवेदन देऊ नये. तसली निवेदने ढिगाने पडून आहेत. "एकूण रक्कम तेवढीच घ्या, पण जमीन आणि इमारत वेगळी करा" असे म्हणावे. तिजोरीला तोटा नसलेली मागणी नाकारणे अवघड असते.

आता शेवटची गोष्ट, जी आधीच सांगायला हवी होती. बायपासला माझ्याही नावावर दोन गुंठे आहेत. नऊ वर्षांपूर्वी घेतले. व्याजाचा पैसा नको आणि धंद्यात जोखीम नको, म्हणून आपल्यातले बरेच जण गाठीला असलेली रक्कम जमिनीत पुरून ठेवतात, तसे मीही केले. त्या जागेवर आज काटेरी कुंपण आणि गवत आहे. शेजारच्या बाभळीच्या प्लॉटाबद्दल मी जे लिहिले ते माझ्याही प्लॉटाला लागू आहे.

मी सांगतो तसा नियम झाला तर बायपासची माझी पट्टी वाढेल आणि पेठेतल्या दुकानाची उतरेल. मग मला ठरवावे लागेल. एक तर तिथे गाठींचे गोदाम बांधायचे, नाहीतर बांधणाऱ्या कोणाला तरी जागा विकून टाकायची. वर शिवणाऱ्या बायका गेले वर्षभर म्हणत आहेत, "शेठ, अजून एक खोली काढा की, आमच्या ओळखीच्या चौघी यायला तयार आहेत." मी अजून काढलेली नाही. विटांचा भाव विचारला आणि त्याबरोबर पुढच्या बिलाचाही हिशेब केला. त्या हिशेबापायी चार बायकांचे काम अडून राहिले आहे. असे अडलेले काम माणच्या प्रत्येक पेठेत सापडेल.